नंबर सांगायचा राहिला

सरांबद्दल काहीतरी लिहा, असं आमच्या कॉलनीतली मंडळी मला बरेच दिवस म्हणत आली आहेत. वाचनालयाच्या अंकासाठी मागितलं तेव्हा मी मोतीबिंदूचं कारण दिलं. शोकसभेत बोला म्हणाले तेव्हा घसा बसल्याचं सांगितलं. दोन्ही वेळा डोळे आणि घसा ठणठणीत होते. अडचण वेगळी होती. सरांबद्दल खरं लिहायचं तर अकोल्याच्या मॅचबद्दल लिहावं लागतं, आणि त्या मॅचबद्दल खरं लिहायचं तर माझ्याबद्दल. आता वय असं आहे की टाळायलासुद्धा पुढची तारीख मिळेल याची खात्री नाही. म्हणून लिहितो.

सर अमरावतीच्या एका शाळेत खेळाचे मास्तर होते. कबड्डीचे पंच म्हणून त्यांचं नाव वऱ्हाडभर होतं. मी तारुण्यात त्यांच्या संघात उजव्या कोपऱ्यात खेळलो. पुढे पाटबंधारे खात्यात चिकटलो, पोट सुटलं, नातवंडं झाली, पण सरांच्या लेखी मी उजवा कोपराच राहिलो. एकदा भातकुलीच्या सामन्यात त्यांनी सख्ख्या मेव्हण्याला बाद दिलं. मेव्हणा रुसला, दिवाळीला घरी आला नाही. सर म्हणाले, "बाद होता तर बाद होता. दिवाईचा अन् त्याचा काय संबंध?" कॉलनीत सगळेच त्यांना सर म्हणत, त्यांची बायकोसुद्धा. "सर, पोळी वाढू का?" असा वहिनींचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा.

निवृत्तीनंतर मुलानं त्यांना सहा महिन्यांसाठी अमेरिकेला नेलं. लोक तिकडून बदाम आणतात, चॉकलेटं आणतात. सर तिथला फुटबॉल घेऊन आले. हा आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. यात लांबट चेंडू काखेत मारून पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर पडून अडवायचं. पण सरांना चेंडूशी घेणंदेणं नव्हतं. कोण जिंकलं तेही त्यांना सांगता यायचं नाही. ते पंच पाहायचे.

"अबे, पहाडावानी मानसं," परत आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते मला सांगत होते. "एकेक आपल्या दारातून आडवा बी जाणार नाही. अन् मधात एक पांढऱ्या टोपीचा बुढा. चूक दिसली का पिवळा झेंडा फेकते. वरडत नाही, चिडत नाही. मंग कमरेचं बटन दाबते अन् अख्ख्या मैदानाले सांगते, कोन्या नंबरच्या खेयाडूनं काय केलं, अन् त्याच्या टीमनं किती यार्ड मागं जायचं. अन् थे पहाड गपचूप मागं सरकते."

"मानतात?"

"कुरकुर करते. पण सरकते. अन् हे पंच आठवडाभर काय करते, माईत हाय? कोनी वकील, कोनी कुठंसा मास्तर." थोडं थांबून ते पुन्हा म्हणाले, "मास्तर, लेका."

माझ्या मते सरांना वेड लागलं ते या शब्दापाशी. त्यांनी आयुष्यभर पंचगिरी केली ती शिव्या ऐकत. दोन-तीनदा तर सामना संपल्यावर मागच्या वाटेनं घरी यावं लागलं होतं. आपण जे वऱ्हाडातल्या धुळीत केलं तेच काम जगात कुठेतरी इतक्या मानानं होतं, हे त्यांना म्हातारपणी कळलं.

वहिनींनी जुन्या पिवळ्या परकराचा झेंडा शिवून दिला. फेकल्यावर नीट पडावा म्हणून तिकडे त्याच्या टोकाला वजन असतं. आमच्याकडे मूठभर तुरीची डाळ बांधली.

आम्ही निवृत्त मंडळी संध्याकाळी कॉलनीच्या मोकळ्या जागेत प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडून बसायचो. पहिला झेंडा पडला तो तहसीलदारांच्या मांडीवर. हे गृहस्थ तहसीलदार म्हणून निवृत्त झाले होते, पण दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ द्यायची सवय त्यांना नोकरीत लागली नव्हती.

"वेळेआधी सुटले," सर उभे राहून म्हणाले. "पाच यार्ड मागं."

"यार्ड?" तहसीलदार म्हणाले. "मार्केट यार्डात जाऊ काय?"

"पंचाशी हुज्जत. आणखी दहा."

सरांचं एक पाऊल म्हणजे एक यार्ड. पावलं मोजून त्यांनी स्वतः तहसीलदारांची खुर्ची नेऊन ठेवली. त्या आठवड्यात तहसीलदार मागे सरकत सरकत घंटागाडी थांबते तिथपर्यंत पोचले आणि तिथून ओरडून मतं मांडू लागले. पण गंमत म्हणजे ते रोज यायचे. मी सरांना विचारलं, हा माणूस कसा काय ऐकतो? सर म्हणाले, "काहून मागं चाललो, हे त्याले सगळ्यांसमोर सांगतलं ना. मानूस दंडाले भीत नाही. न सांगता केलेल्या दंडाले भिते."

पुढे गुन्ह्यांची संख्या वाढली. कुणी गुडघ्याच्या ऑपरेशनची कथा सांगताना समोरच्याचा दंड धरून ठेवायचा, त्याला 'धरून ठेवणं'. कपात चहा ओतल्यावरही पेपर न सोडणारा, त्याला 'वेळकाढूपणा'. हा शेवटचा माझा नेहमीचा गुन्हा होता.

एकदा नांदगाव खंडेश्वरला शाळेच्या क्रीडा संमेलनात सरांचा सत्कार होता. मी सोबत गेलो होतो. एक पुढारी उन्हात बसलेल्या पोरांसमोर शिस्तीवर बोलू लागले आणि थांबेचनात. सरांचा हात खिशाकडे जाताना मी पाहिला. "सर, नोको," मी म्हटलं. तोवर झेंडा व्यासपीठावर पुढाऱ्यांच्या पायाशी पडलेला. त्यांना वाटलं कुणी भक्तानं देवस्थानाचं पिवळं वस्त्र टाकलं. त्यांनी ते उचललं, कपाळाला लावलं, गळ्यात घातलं आणि गहिवरून आणखी बोलत राहिले. डाळ त्यांच्या छातीवर डुलत होती. सभा संपल्यावर झेंडा मी त्यांच्या कार्यकर्त्याकडून मागून घेतला. येताना एसटीत बडनेरा आल्यावर सर म्हणाले, "माइक पंचाजवळ पाहिजे. सगळा घोटाळा तिथं हाय." दुसऱ्या दिवशी त्यांनी भाजीवाले वापरतात तसला कमरेला लावायचा छोटा भोंगा विकत आणला.

त्या भोंग्याचा पहिला मोठा उपयोग घरातच झाला. चष्मा सापडेना म्हणून सर वहिनींवर खेकसले. चष्मा डोक्यावर होता. सरांनी स्वतःवर झेंडा टाकला आणि ताट घेऊन अंगणात जाऊन बसले. मी नेमका फाटकात होतो.

वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "दंड नामंजूर. आत या, पोई थंड होऊन राह्यली."

हाही तिकडचा नियम. ज्याच्यावर अन्याय झाला तो दंड नाकारू शकतो. सर उठले, पण आत जाण्याआधी त्यांनी भोंग्याचं बटण दाबलं आणि गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, "घरमालक. पत्नीवर विनाकारण आवाज. दंड नामंजूर."

"जाऊ द्या ना," मी म्हटलं. "नाकारला ना त्यांनी?"

"दंड नाकारता येते," सर म्हणाले. "गुन्हा नाकारता येत नाही. नंबर सांगाच लागते."

आता अकोला.

माझी मुलगी अकोल्यात दिली आहे, मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात. तिचे सासरे, म्हणजे माझे व्याही, पोस्टातून निवृत्त झालेले, अंगानं बारके आणि अतिशय मऊ बोलणारे. आमच्याकडे आले असताना त्यांनी झेंड्याचा खेळ पाहिला आणि इतके खूश झाले की अकोल्याच्या म्हाताऱ्यांचा संघ उभा करून आम्हाला मॅचचं बोलावणं धाडलं. मुलानं पाठवलेला लांबट चेंडू सरांकडे होताच. नियम त्यांनी वयाप्रमाणे बसवले. चेंडू घेऊन समोरची रेषा ओलांडली की गुण, पण पळायचं नाही, चालायचं. अंगावर पडायचं नाही. प्रत्येकाच्या कमरेला मागे एक रुमाल खोचलेला. चेंडूवाल्याचा रुमाल उपटला की तो थांबला. आणि कुणी कुणाला धरायचं नाही. हे शेवटचं त्यांनी आम्हा कबड्डीवाल्यांना पुन्हा पुन्हा बजावलं. पंच सर. पंच अमरावतीचा म्हणून अकोल्याच्या कुणी चकार शब्द काढला नाही. मेव्हण्याची गोष्ट तिथपर्यंत पोचलेली होती.

संक्रांतीच्या सुमाराची सकाळ होती, थंडी बोचत होती. सर पांढरी टोपी आणि शिंप्याकडून शिवून घेतलेला काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा सदरा घालून मैदानात उभे. वहिनींनी आम्हा सगळ्यांच्या पाठीवर कापडाचे आकडे शिवले होते. माझा सात. मी त्यावर स्वेटर चढवला होता. तोही वहिनींनीच विणलेला, माझी बायको गेली त्या वर्षी. शेवाळी रंगाचा, आणि लोकर कमी पडली म्हणून मनगटाशी नारिंगी पट्टा.

"नंबर झाकू नको," सर म्हणाले. "तिकडं मोजा घसरला तरी मॅच झाल्यावर दंड लावते."

"थंडी वाजते, सर."

ते स्वेटरकडे बघत राहिले. "राहू दे," म्हणाले. सरांनी नियम वाकवलेला मी पाहिला तो तेवढाच.

मॅच म्हणजे काय वर्णावी. दोन्हीकडची मिळून एक वरातच हळूहळू मैदानभर फिरत होती. एकाची कवळी पडली म्हणून खेळ थांबला. अकोल्याचा एक जण चेंडू काखेत घेऊन ओळखीच्या माणसाशी बोलायला रेषेबाहेर गेला आणि तिकडेच रमला. शेवटी बरोबरी होती. चेंडू तहसीलदारांकडे आला आणि ते साहेबी चालीनं रेषेकडे निघाले. मध्ये एकटे माझे व्याही. त्यांनी वळून रुमालाकडे हात घातला. मी त्यांच्या मागे होतो.

पुढचं मी ठरवून केलं नाही. उजव्या कोपऱ्यात उभा राहिलेला माणूस, समोरून कुणी निसटतंय म्हटलं की हात आपोआप जातो. मी व्याह्यांच्या सदऱ्याचा घोळ धरला आणि खेचला. व्याही जमिनीवर बसले, मग आडवे झाले. तहसीलदार रेषेपार गेले. आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि पिवळा झेंडा हवेत गेला.

सर आले. "मांगून धरलं," ते म्हणाले. "सदरा ताणलेला दिसला. मधात मानसं होती, कोनाचा हात थे नाही दिसलं." त्यांनी व्याह्यांना विचारलं. व्याही धूळ झटकत म्हणाले, "पडलो बाप्पा. वय झालं."

मग सर माझ्याकडे वळले. "तू मांगंच होता. कोन धरलं?"

अकोल्याचं जुनं शहर भोवती उभं होतं. त्यात मुलीचे दीर होते, चुलतसासरे होते. मुलीच्या सासऱ्याला सदरा ओढून मातीत लोळवलं, हे कुठला बाप भोंग्यावरून ऐकेल? मी म्हटलं, "कोनीच नाही धरलं, सर. पाय घसरला त्यायचा."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात संशय नव्हता. असता तर बरं झालं असतं. ते वाकले, झेंडा उचलला, म्हणजे दंड मागे घेतला, आणि बटण दाबलं. "धरल्याचा गुन्हा नाही. झेंडा ही पंचाची चूक. गुण अमरावतीचा."

दुपारी व्याह्यांकडेच रोडगे आणि वांग्याची भाजी होती. मुलगी सासऱ्यांच्या कमरेला बाम चोळून आली आणि मला वाढताना म्हणाली, "बाबा, मामंजी पडले कसे हो?" मी आणखी भाजी मागितली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सरांकडे बसलो होतो तेव्हा त्यांच्या मोबाईलवर अकोल्याहून व्हिडिओ आला. कुणीतरी मॅच घेतली होती. चेहरा दुसऱ्याच्या पाठीआड होता, पण हात स्वच्छ दिसत होता. सदरा धरलेला, खेचलेला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'अमरावतीच्या पंचाने अमरावतीसाठी झेंडा उचलला.' त्याखाली आणखी बऱ्याच जणांनी बरंच लिहिलं होतं.

"पाहू," म्हणत वहिनींनी चष्मा लावला. "थांबवा तिथं. हे बाही..."

मी तोच स्वेटर घालून बसलो होतो. दोन्ही हात मी शालीखाली घेतले.

"फोन ठेव आता," सर वहिनींना म्हणाले. वहिनी माझ्याकडे न बघता चहा ठेवायला आत गेल्या. सरांनी फोन उपडा ठेवला. मग म्हणाले, "काही सांगाचं हाय काय तुले?" मी म्हटलं, "साखर कमी टाका म्हना."

त्याच्या दुसऱ्या दिवशी सर कॉलनीत दिसले नाहीत. परतल्यावर त्यांनी गोलातली आपली खुर्ची उचलली, दहा पावलं मागे नेली आणि कडुनिंबाखाली ठेवली. बटण दाबून सांगितलं, "पंच. खरा झेंडा उचलला. दहा यार्ड." आणि तिथे बसले.

"किती दिवस?" तहसीलदारांनी ओरडून विचारलं.

"अजून नंबर सांगाचा राह्यला हाय."

कुणाला काही कळलं नाही. मला कळलं. तरी मी रोज त्यांचा चहा तिथे नेऊन द्यायचो, आणि ते रोज कप घेताना माझ्याकडे बघायचे, आणि मी कडुनिंबाकडे. अकोल्यानं पुढच्या वर्षी पंच दुसरा बोलावला. ज्या माणसानं मेव्हणा गमावला पण बाद दिलं, त्याला लोक गावाच्या बाजूचा पंच म्हणू लागले. एकदा नाव घेतलं असतं तरी ते सुटले असते. फसवलं म्हणून माझं नाव घ्यायचा त्यांना पूर्ण हक्क होता. त्यांनी घेतलं नाही.

मग मुलानं सर-वहिनी दोघांनाही कायमचं अमेरिकेला नेलं. निघताना सरांनी झेंडा माझ्या हातात दिला. "डायीले किडे लागते," म्हणाले. "बदलत जाजो."

ते तिकडे गेल्यावर मी दोनदा डाळ बदलली. मग एक दिवस अकोल्याला जाऊन व्याह्यांपुढे बसलो आणि सांगून टाकलं.

व्याही मऊ आवाजात म्हणाले, "मले तवाच माईत होतं. बाकी सगळे मले पुढं अन् बाजूले दिसत होते, मांगं फक्त तुमीच होते. सर आले होते न् इथं, मॅचच्या तिसऱ्या दिवशी. म्हणे, दंड घ्याचा काय? म्या म्हटलं, व्याह्याचा दंड कसा घेऊ, पोरगी आमच्या घरात हाय. ते म्हणे, मंग नाकारा. पन नंबर त्याचा त्यानं सांगाले पाहिजे, तोवर तुमी बोलू नोका."

"मग तुम्ही इतकी वर्षं..."

"पंचानं सांगतलं होतं ना," व्याही म्हणाले.

अमरावतीला येईपर्यंत मी वाक्य तयार केलं. सरांच्याच पद्धतीचं, छोटं. दर सोमवारी सकाळी आमचा व्हिडिओ कॉल व्हायचा. तिकडे रविवार, मॅच चालू. सर सोफ्यावर, टीव्ही माझ्याकडे वळवलेला, म्हणजे मलाही पंच दिसावेत. त्या सोमवारी मी चहा घेतला नव्हता. स्वेटर घातला होता, मुद्दाम.

"सर, मले एक सांगाचं हाय."

"थांब. पंच बोलून राह्यला."

पंच बोलत असताना आम्ही कधीच बोललो नव्हतो. पांढऱ्या टोपीचा माणूस कमरेला हात लावून काहीतरी सांगत होता. पहाडासारखी माणसं मागे सरकत होती. त्याचं झालं तसा मी एका दमात सुरू झालो. "नंबर सात..."

"सात नाही लेका, सत्तर," सर टीव्हीकडे बोट दाखवत म्हणाले. "चष्मा बदल तुया." आणि नेट गेलं. पडद्यावर सर तसेच राहिले, बोट पुढे केलेले, मजेत. मी पुन्हा लावला, लागला नाही. म्हटलं, पुढच्या सोमवारी.

रविवारी त्यांच्या मुलाचा फोन आला. झोपेतच गेले, म्हणाला.

झेंडा माझ्याकडे आहे. यंदाची डाळही बदलून झाली. वाक्याचे राहिलेले शब्द असे होते: अमरावती. मागून धरलं. झेंडा बरोबर होता, सर.